न्यायमूर्तींची उलटतपासणी

१९८७ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टनमधला एक पत्रकार व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देणाऱ्या दुकानात गेला आणि एका गिऱ्हाइकाने नेलेल्या कॅसेटींची यादी त्याने मागितली. दुकानातल्या माणसाने ती काढून दिली. गिऱ्हाईक होते रॉबर्ट बोर्क. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यांचं नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं होतं आणि सिनेटच्या न्यायिक समितीपुढे त्यांची सुनावणी चालू होती. यादीत १४६ नावं होती: हिचकॉकचे रहस्यपट, मार्क्स बंधूंचे विनोदी चित्रपट, अशीच सगळी. बोट ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं, तरी यादी छापून आली. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने अशा नोंदी बाहेर देण्यावर बंदी घालणारा कायदा केला.

बोर्क यांना सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी नाकारलं ते त्यांच्या घटनाविषयक मतांमुळे. ती मतं त्यांनी लेखांतून वर्षानुवर्षं उघडपणे मांडलेली होती. कॅसेटींच्या यादीमागची भूक वेगळी होती. कुणाचं लक्ष नसताना हा माणूस कसा वागतो, हे जाणून घ्यायचं होतं. ही भूक मला वावगी वाटत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातली नेमणूक तहहयात असते, निवृत्तीचं वय नसतं. न्यायमूर्तीला काढायचं तर महाभियोग हाच मार्ग, आणि त्या मार्गाने आजवर एकालाही घालवता आलेलं नाही. सॅम्युअल चेस यांच्यावर तो चालला, पण १८०५ साली सिनेटने त्यांना निर्दोष सोडलं. त्यानंतर त्या न्यायालयातल्या कुणावर तो चाललाच नाही. एकदा आत गेलेला माणूस तीस-तीस वर्षं कोट्यवधी लोकांच्या आयुष्याचे निवाडे करतो. तेव्हा माणूस पारखायचा तो दारावरच. प्रश्न एवढाच, की काय पाहायचं आणि कसं पाहायचं.

राज्यघटना याबाबत जवळजवळ गप्प आहे. राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवावं आणि सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने नेमणूक करावी, इतकंच ती सांगते. वय, शिक्षण, इतकंच काय वकिलीची सनदही तिने मागितलेली नाही. त्यामुळे संमतीचे निकष प्रत्येक पिढीने आपापल्या भांडणांतून ठरवले. १७९५ साली जॉन रटलेज यांना सरन्यायाधीशपद १४ विरुद्ध १० मतांनी नाकारलं गेलं. त्यांनी चार्ल्सटनमध्ये इंग्लंडबरोबरच्या तहाविरुद्ध जळजळीत भाषण केलं होतं, राग त्याचा होता. पण सोबत कुजबूज सुरू झाली ती त्यांचं डोकं ठिकाणावर नसल्याची. राजकीय राग चारित्र्याच्या नावाखाली काढायची रीत अशी पहिल्याच नकारापासून पडली.

सर्वोच्च न्यायालयाच्या उमेदवाराची पहिली जाहीर सुनावणी झाली ती १९१६ साली. वुड्रो विल्सन यांनी २८ जानेवारीला बॉस्टनचे वकील लुई ब्रँडाइस यांचं नाव पाठवलं आणि वकिली जगतात खळबळ उडाली. ब्रँडाइस रेल्वे कंपन्यांशी लढले होते, विमा कंपन्यांशी लढले होते, कामगार स्त्रियांचे कामाचे तास कमी करावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले होते. लोक त्यांना जनतेचा वकील म्हणत. ते ज्यू होते, आणि त्या न्यायालयात तोवर एकही ज्यू बसलेला नव्हता.

विरोधकांनी यातली एकही गोष्ट उघडपणे पुढे केली नाही. त्यांनी धरला तो सचोटीचा मुद्दा. माजी राष्ट्राध्यक्ष विल्यम टॅफ्ट आणि अमेरिकन बार असोसिएशनचे इतर सहा माजी अध्यक्ष यांनी सह्या करून कळवलं, की हा गृहस्थ या पदाला लायक नाही. हार्वर्डच्या अध्यक्षांसह बॉस्टनच्या पन्नासहून अधिक प्रतिष्ठितांनी तसाच अर्ज केला. मग साक्षीदार येऊ लागले. एका अडचणीत आलेल्या चामड्याच्या व्यवसायाच्या मालकाची तक्रार अशी, की ब्रँडाइस आपले वकील आहेत असं आपण धरून चाललो होतो, आणि ते मात्र धनकोंच्याही हिताचं बघत होते. ब्रँडाइस यांची धारणा होती, की अशा पेचात वकिलाने एका पक्षाची बाजू ओढण्यापेक्षा सगळ्यांना मान्य होईल असा मार्ग काढावा. ही धारणा चुकीची म्हणता येईल. तो मालक गोंधळात राहिला आणि त्याला आधी स्पष्ट सांगायला हवं होतं, हेही खरं. पण यात लबाडी कुठे होती? समितीने चार महिने एकेक प्रकरण उकरलं. लबाडी निघाली नाही. १ जूनला सिनेटने ४७ विरुद्ध २२ मतांनी नेमणूक मान्य केली. ब्रँडाइस स्वतः समितीपुढे आलेच नाहीत, तेव्हा तशी पद्धतच नव्हती. पुढे १९२१ साली टॅफ्ट सरन्यायाधीश झाले आणि त्याच ब्रँडाइस यांच्याबरोबर त्यांनी जवळजवळ नऊ वर्षं सलोख्याने काम केलं.

हा वाद पेटलेला असताना चोवीस-पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. जातिसंस्थेवरचा आपला गाजलेला निबंध त्यांनी वाचला तो ९ मे १९१६ रोजी, म्हणजे ब्रँडाइस यांच्या नावाला संमती मिळण्याच्या तीन आठवडे आधी. न्यायाधीश कसे नेमावेत, हा प्रश्न तेहतीस वर्षांनी त्यांच्यापुढे आला. मे १९४९ मध्ये संविधान सभेत बोलताना त्यांनी अमेरिकी पद्धतीचा विचार केला आणि ती बाजूला ठेवली. प्रत्येक नेमणुकीला विधिमंडळाची संमती घेणं हे एकतर जिकिरीचं, आणि त्यात राजकीय दबाव शिरण्याचा धोका, असं त्यांनी सांगितलं. त्याच भाषणात त्यांनी सरन्यायाधीशांच्या हाती अंतिम शब्द द्यायलाही नकार दिला. सरन्यायाधीश कितीही थोर असले, तरी शेवटी माणूसच. माणसाच्या उणिवा आणि पूर्वग्रह त्यांनाही असणार.

पुढे आपल्याकडे काय झालं ते वाचकांना ठाऊक आहे. १९९३ च्या निकालाने नेमणुकीची सूत्रं न्यायमूर्तींच्या कॉलेजियमकडे गेली, आणि २०१५ साली राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग घटनाबाह्य ठरल्यावर ती तिथेच राहिली. उमेदवाराच्या चारित्र्याची चौकशी होते, गुप्तचर खात्याचा अहवाल येतो, पण लोकांच्या कानावर त्यातलं क्वचितच काही येतं. मुंबई उच्च न्यायालयासाठी सोमशेखर सुंदरेसन यांचं नाव २०२२ साली कॉलेजियमने सुचवलं. न्यायालयांत प्रलंबित असलेल्या विषयांवर समाजमाध्यमांतून मतं मांडली, म्हणून केंद्र सरकारने ते फेरविचारासाठी परत पाठवलं. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने ते पुन्हा सुचवलं आणि या वेळी सरकारचा आक्षेप व आपलं उत्तर दोन्ही प्रसिद्ध केलं. मत व्यक्त केलं म्हणून माणूस पक्षपाती ठरत नाही, हा त्या उत्तराचा सारांश. नोव्हेंबरमध्ये नेमणूक झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मद्रास उच्च न्यायालयासाठी निवडलेल्या व्हिक्टोरिया गौरी यांच्या जुन्या भाषणांवर आक्षेप घेणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. पात्रता आम्ही तपासू शकतो, पण उमेदवार योग्य आहे की नाही याचा निवाडा न्यायालय करणार नाही, असं म्हणून ती फेटाळली गेली. त्याच सकाळी त्यांनी शपथही घेतली. योग्यतेबद्दलची शंका लोकांनी विचारायची तरी कुठे, हा प्रश्न तसाच उरला. अमेरिकी सुनावणीचे दोष मी पुढे सांगणार आहे, पण तिथे हा प्रश्न उघड्यावर, शपथेवर आणि नोंदीत विचारता येतो, हे तिचं मोल आधी मान्य करायला हवं.

आता दोन माणसांची गोष्ट. चारित्र्य पारखण्यातली खरी अडचण या जोडीइतकी स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसली नाही.

पहिले जॉन पार्कर, नॉर्थ कॅरोलायनाचे. १९३० साली हर्बर्ट हूवर यांनी त्यांचं नाव सुचवलं. कामगार संघटना त्यांच्या एका निकालावर नाराज होत्याच. त्यात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेला त्यांचं दहा वर्षांपूर्वीचं एक भाषण सापडलं. १९२० साली गव्हर्नरपदाची निवडणूक लढवताना, कृष्णवर्णीयांनी राजकारणात भाग घेणं हे दोन्ही समाजांना घातक आहे, अशा अर्थाचं ते बोलले होते. संघटनेने देशभर रान उठवलं आणि ४१ विरुद्ध ३९ अशा दोन मतांनी पार्कर पडले.

दुसरे ह्यूगो ब्लॅक, अलाबामाचे सिनेटर. ऑगस्ट १९३७ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांचं नाव पाठवलं. ब्लॅक कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेचे सदस्य होते अशी कुजबूज होती. पण आपल्याच सभागृहातल्या सहकाऱ्याला आडवे प्रश्न कोण विचारणार? सुनावणी झालीच नाही. पाच दिवसांत ६३ विरुद्ध १६ मतांनी शिक्कामोर्तब झालं. महिनाभरात पिट्सबर्गच्या रे स्प्रिगल या पत्रकाराने कागदपत्रांनिशी सिद्ध केलं, की ब्लॅक १९२३ साली क्लानमध्ये सामील झाले होते. १ ऑक्टोबरला ब्लॅक रेडिओवर बोलले. हो, मी सदस्य होतो, नंतर राजीनामा दिला, पुन्हा त्यात गेलो नाही, असं सांगून त्यांनी विषय संपवला. क्षमा मागितली नाही. स्प्रिगल यांना पुलित्झर पारितोषिक मिळालं. ब्लॅक यांना न्यायासन मिळालेलंच होतं.

पुढे काय झालं? १९४० साली फ्लोरिडातल्या काही कृष्णवर्णीय पुरुषांना दिवसरात्र कोंडून, दमदाटी करून घेतलेले कबुलीजबाब सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. तो एकमताचा निकाल लिहिला ब्लॅक यांनी. १९५४ साली शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राऊन खटल्यात ते ठामपणे त्या बाजूला होते आणि त्यासाठी त्यांच्या अलाबामाने त्यांना जवळजवळ वाळीत टाकलं. पण १९४४ साली जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना पश्चिम किनाऱ्यावरून हटवण्याचा आदेश वैध ठरवणारा निकालही ब्लॅक यांच्याच हातचा आहे. तिकडे पार्कर कनिष्ठ अपील न्यायालयातच राहिले. १९४० साली नॉरफोकच्या कृष्णवर्णीय शिक्षकांना गोऱ्या शिक्षकांइतकाच पगार मिळाला पाहिजे, असा निकाल त्यांनी दिला. न्यूरेंबर्गच्या खटल्यात ते पर्यायी न्यायाधीश होते. त्यांना नाकारणं ही सिनेटची चूक होती, असं म्हणणारे पुढे पुष्कळ निघाले. मला तसं म्हणवत नाही, कारण पन्नाशीच्या दशकात साउथ कॅरोलायनातल्या वेगळ्या शाळा वैध ठरवणारा निकालही पार्कर यांनीच दिला, आणि ब्राऊन खटल्यात तो उलटवावा लागला.

म्हणजे एका भाषणावरून पार्कर पुरते कळले नाहीत, आणि एका सदस्यत्वावरून ब्लॅकही पुरते कळले नसते. म्हणून जुनं काही विचारूच नये का? उलट, ब्लॅक यांना ते समोर बसवून विचारायला हवं होतं. का गेलात, तिथे काय केलंत, का सोडलंत, त्या काळात तुमच्यापुढे आलेल्या कृष्णवर्णीय अशिलांशी कसे वागलात? या उत्तरांतून देशाला रेडिओवरच्या भाषणापेक्षा फार जास्त कळलं असतं. जुन्या कृत्याचं वजन त्याच्या पुढच्यामागच्या वागणुकीत असतं. एकट्या कृत्याने ना माणूस कायमचा डागाळतो, ना वर्षं उलटली म्हणून ते आपोआप धुतलं जातं.

१९७० साली सिनेटने हे काम नीट केलं असं मला वाटतं. रिचर्ड निक्सन यांचे उमेदवार हॅरोल्ड कार्सवेल यांचं १९४८ चं एक भाषण सापडलं. गोऱ्यांच्या वर्चस्वावर आपली अढळ श्रद्धा असल्याचं ते त्यात सांगत होते. कार्सवेल म्हणाले, ते शब्द मला आज किळसवाणे वाटतात. तरुणपणी, निवडणुकीच्या भरात बोलून गेले असतील, म्हणून हे इथेच सोडून देता आलं असतं. पण पुढची चौकशी झाली. १९५६ साली टॅलाहासीचं सार्वजनिक गोल्फ मैदान खासगी क्लबच्या ताब्यात गेलं. कृष्णवर्णीयांना तिथे यायला मिळू नये, हाच त्यामागचा हेतू असल्याचं सांगितलं जात होतं, आणि क्लबच्या कागदांवर कार्सवेल यांचं नाव होतं. नंतर समितीपुढे नागरी हक्कांचे खटले लढवणारे वकील आले. कार्सवेल यांच्या कोर्टात आपल्याला कसं झिडकारलं जाई, ते त्यांनी सांगितलं. भाषण, क्लब, कोर्टातली वागणूक असा बावीस वर्षांचा धागा जुळला. सिनेटने त्यांना ५१ विरुद्ध ४५ मतांनी नाकारलं. पैशाची प्रकरणं त्या मानाने सोपी, कारण कागद बोलतो. शेअर असलेल्या कंपनीचा खटला ऐकला म्हणून क्लेमेंट हेन्सवर्थ १९६९ साली पडले. १९६८ साली एब फोर्टास यांचं सरन्यायाधीशपद हुकलं, त्यात व्याख्यानांसाठी घेतलेल्या १५,००० डॉलरचा वाटा होता.

आज नाव जाहीर झालं की उमेदवाराला लांबलचक प्रश्नावली भरावी लागते. उत्पन्न, भाषणं, लेख, सभासदत्वं, सगळं. एफबीआय पार्श्वभूमी तपासते. अमेरिकन बार असोसिएशनची समिती १९५३ पासून सचोटी, व्यावसायिक वकूब आणि न्यायासनाला साजेसा स्वभाव या तीन गोष्टी पारखते, आणि त्यासाठी उमेदवाराबरोबर किंवा समोर काम केलेल्या न्यायाधीश-वकिलांशी खासगीत बोलते. आपल्याकडे स्थळ आलं की शेजारीपाजारी, कामावरची माणसं यांच्याकडे हळूच चौकशी होते, तसंच हे, आणि त्यातूनच सगळ्यात जास्त कळतं. प्रत्यक्ष सुनावणीत उमेदवार ताकास तूर लागू देत नाही. खटला उद्या माझ्यापुढे येऊ शकतो, तेव्हा आज मत देणार नाही, हे उत्तर आता प्रत्येकाच्या तोंडी असतं. साहजिकच मतांवरचे प्रश्न बोथट झाले आणि सगळा भार चारित्र्यावर आला.

११ ऑक्टोबर १९९१. सिनेटच्या जुन्या कॉकस रूममध्ये हिरव्या कापडाच्या टेबलामागे ओक्लाहोमा विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक अनिता हिल बसल्या आहेत. वय ३५. तेरा भावंडांतलं शेंडेफळ, शेतकऱ्याच्या घरात वाढलेली ही मुलगी येलपर्यंत पोचली होती. समोर न्यायिक समितीचे चौदा सिनेटर, सगळे पुरुष, सगळे गोरे. सर्वोच्च न्यायालयाचे उमेदवार क्लॅरेन्स थॉमस आधी शिक्षण खात्यात आणि नंतर समान रोजगार संधी आयोगात आपले वरिष्ठ असताना आपल्याशी अश्लील बोलत, असं हिल शपथेवर सांगत होत्या. हा आयोग कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारीही हाताळणारा.

त्यांचं म्हणणं समितीकडे सप्टेंबरातच पोचलं होतं. समितीने ते बाहेर येऊ न देता मतदान उरकलं, सात विरुद्ध सात. बातमी फुटल्यावर, काही महिला खासदार सिनेटच्या दारापर्यंत चालत गेल्यावर मग ही सुनावणी झाली, तीही घाईत. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर आर्लन स्पेक्टर यांनी हिल यांची उलटतपासणी फिर्यादी वकिलाच्या थाटात केली आणि नंतर त्यांच्यावर शपथेवर खोटं बोलल्याचा आरोप केला. अमुक शब्द नक्की केव्हा उच्चारले, इतकी वर्षं गप्प का राहिलात, नोकरी बदलल्यावरही त्यांना फोन का केलेत, असे प्रश्न पुनःपुन्हा झाले. थॉमस यांनी सगळं साफ नाकारलं, या सुनावणीला वंशद्वेषातून चाललेली झुंडशाही म्हटलं, आणि हिल यांची साक्ष आपण ऐकलीच नाही असं सांगितलं. त्यांना कुणी ताणून धरलं नाही. हिल यांनी आपल्याला त्याच काळात हे सांगितलं होतं, अशी साक्ष चार जणांनी दिली. थॉमस यांच्या हाताखाली काम केलेली आणखी एक स्त्री आपला अनुभव सांगायला वॉशिंग्टनमध्ये येऊन थांबली होती. तिला समितीपुढे बोलावलंच नाही. तिचं म्हणणं कागदांत जोडलं गेलं आणि रविवारी रात्री सुनावणी आटोपली. मंगळवारी थॉमस यांची नेमणूक ५२ विरुद्ध ४८ मतांनी मान्य झाली. आजही ते न्यायासनावर आहेत.

इथे समितीचं काय चुकलं ते नेमकं सांगायला हवं. दहा वर्षांपूर्वी बंद खोलीत दोघांत झालेल्या बोलण्याचा निर्णायक पुरावा कुणाकडेच नसतो. म्हणून तर अशा वेळी त्याच माणसाच्या हाताखाली काम केलेल्या इतरांना शोधून विचारावं लागतं. कार्सवेल यांच्याबाबत नेमकं तेच केलं होतं, धागा जुळतो का पाहिलं होतं. थॉमस यांच्याबाबत धाग्याचं दुसरं टोक हॉटेलात थांबलेलं असताना समितीने ते हातात घेतलं नाही. समितीचे अध्यक्ष तेव्हा जो बायडन होते. पुढच्या वर्षी चार नव्या स्त्रिया सिनेटवर निवडून आल्या. त्यांतल्या पॅटी मरे यांनी या सुनावणीमुळेच आपण उभं राहिल्याचं सांगितलं. १९९३ पासून प्रत्येक उमेदवाराबाबत एक बैठक बंद दाराआड होते, त्यात गोपनीय आरोपांवर बोलता येतं.

सत्तावीस वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा आला आणि समिती पुन्हा तिथेच अडखळली. मानसशास्त्राच्या प्राध्यापक क्रिस्टीन ब्लेझी फोर्ड यांनी २७ सप्टेंबर २०१८ रोजी साक्ष दिली, की १९८२ च्या उन्हाळ्यात शाळकरी वयात सर्वोच्च न्यायालयाचे आताचे उमेदवार ब्रेट कॅव्हनॉ यांनी आपल्यावर बळजबरीचा प्रयत्न केला. कॅव्हनॉ यांनी ठाम नकार दिला आणि त्या उन्हाळ्याचं हाताने लिहिलेलं कॅलेंडर दाखवलं. रिपब्लिकन सदस्य सगळे पुरुष होते. त्यांनी प्रश्न विचारायला ॲरिझोनातून एक सरकारी वकील बाई आणल्या आणि त्यांना पाच-पाच मिनिटांचे तुकडे दिले. लैंगिक गुन्ह्याची साक्ष पाच मिनिटांच्या तुकड्यांत घेता येत नाही, हे त्या बाईंनी स्वतःच तिथल्या तिथे बोलून दाखवलं. नंतर एफबीआयला आठवडाभराची मुदत मिळाली. त्यांनी दहा जणांशी बोलणं केलं. त्या दहांत ना फोर्ड होत्या, ना कॅव्हनॉ.

त्या आठवड्यात एका प्रश्नावर मात्र गंभीर चर्चा झाली: पुरावा किती हवा? हा काही फौजदारी खटला नाही, कुणी तुरुंगात जाणार नाही, मग संशयापलीकडचा पुरावा कशाला, असं एक बाजू म्हणत होती. निव्वळ आरोपावर माणसाचं नाव धुळीला मिळू नये, असं दुसरी. मेनच्या सिनेटर सुझन कॉलिन्स यांनी मधली पट्टी धरली. आरोप खरा असण्याची शक्यता खोटा असण्यापेक्षा जास्त वाटली पाहिजे, इतका तरी पुरावा हवा. तो नाही म्हणून मी होकार देते. पट्टी रास्त आहे. पण पुरावा शोधायचाच नाही आणि मग तो अपुरा ठरवायचा, हे रास्त नाही.

दुसरी गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडली. तिला कसल्या जुन्या पुराव्याची गरज नव्हती. दारू पिऊन काय घडलं ते आठवत नाही असं कधी झालं का, असं मिनेसोटाच्या सिनेटर एमी क्लोबुशार यांनी विचारलं. त्यांच्या वडिलांना दारूचं व्यसन होतं, ते त्यांनी आधीच सांगितलं होतं. कॅव्हनॉ यांनी उलट विचारलं, तुमचं झालंय का? मध्यंतरानंतर त्यांनी माफी मागितली. त्याच दिवशी त्यांनी हा सगळा डाव्यांचा आणि क्लिंटन गटाचा सूड असल्याचं म्हटलं. निर्दोष माणसाला संताप येणारच, आणि तो आला म्हणून मी कुणाला दोष देणार नाही. पण ज्याचे खटले उद्या पुढे येतील त्या राजकीय पक्षाचं नाव घेऊन न्यायाधीशाने सुडाची भाषा करावी, ही वेगळी गोष्ट आहे. २,४०० हून अधिक कायद्याच्या प्राध्यापकांनी याच मुद्द्यावर विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. निवृत्त न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी सुनावणीतल्या वागण्यामुळे आपलं मत बदलल्याचं सांगितलं. बार असोसिएशनच्या समितीने स्वभावाच्या मुद्द्यावर फेरविचार सुरू केल्याचं कळवलं, पण दुसऱ्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, ५० विरुद्ध ४८ मतांनी नेमणूक झाली.

स्वभावाची कसोटीही सरसकट एकाच मापाने लागत नाही, हे इथे नोंदवतो. २००९ साली सोनिया सोटोमायोर यांच्या सुनावणीत सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांनी काही वकिलांचे निनावी शेरे वाचून दाखवले: त्या कोर्टात कडक बोलतात, वकिलांना फैलावर घेतात. पुढे पक्षकाराने येऊन सांगितलं असतं, की माझं म्हणणं ऐकूनच घेतलं नाही, तर त्याला वजन होतं. वकिलाला अवघड प्रश्न विचारणं हे न्यायाधीशाचं कामच आहे. पुरुष न्यायाधीशाने तेच केलं तर त्याची तयारी दांडगी म्हणतात.

कॅव्हनॉ यांच्या सुनावणीतल्या वागण्याविरुद्ध आणि तिथल्या विधानांविरुद्ध ८३ तक्रारी न्यायिक शिस्तीच्या कायद्याखाली दाखल झाल्या, कारण त्या वेळी ते वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाचे न्यायाधीश होते. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी त्या डेन्व्हरच्या दहाव्या सर्किटकडे पाठवल्या. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी निर्णय दिला, की तक्रारी गंभीर आहेत, पण कॅव्हनॉ आता सर्वोच्च न्यायालयात गेले, हा कायदा त्या न्यायालयाच्या न्यायमूर्तींना लागू नाही, सबब सर्व तक्रारी निकाली काढण्यात येत आहेत. आरोपांत तथ्य होतं की नव्हतं, हे कुणी पाहिलंच नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःसाठी पहिल्यांदाच आचारसंहिता जाहीर केली; ती मोडली तर दाद कुणाकडे मागायची, याची तरतूद तिच्यात नाही. सिनेटच्या हाती उरतात ते नाव आल्यापासून मतदानापर्यंतचे थोडे आठवडे. त्या आठवड्यांत हाताखालच्या माणसांना, हरलेल्या पक्षकारांना, बोलायला आलेल्या प्रत्येक साक्षीदाराला कुणी भेटलं नाही, तर नंतर त्यांना भेटण्याचा अधिकारच कुणाकडे राहत नाही.